चौऱ्याऐंशी दिवसांचा भोपळा

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुकानात भोपळ्याचे डबे आले. आयर्लंडातल्या आमच्या ॲथलोनमध्ये ते वर्षभर मिळत नाहीत. हॅलोवीनच्या आधी महिनाभर येतात. अमेरिकन पदार्थांसाठी वेगळी काढलेली एक फळी आहे, तिच्यावर पीनट बटरच्या शेजारी बसतात आणि नोव्हेंबर सरता सरता दिसेनासे होतात. केशरी लेबल, चारशे पंचवीस ग्रॅम, आत फक्त शिजवून घोटलेला भोपळा. मीठ नाही, साखर नाही. मी बारा डबे घेतले. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "भरपूर पंपकिन-पाय करणार दिसताय." मी नुसता हसलो. मागे रांग होती आणि थालीपीठ म्हणजे काय हे रांगेत उभं राहून समजावता येत नाही.

बारा यासाठी, की आठवड्याला एक लागतो आणि नाताळपर्यंत बारा आठवडे उरतात. घरी येऊन मी ते प्रेसमध्ये रचायला घेतले. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि सतरा वर्षांत आम्हीही तेच म्हणायला लागलो आहोत. रचताना सवयीने गुणाकार झाला. बारा साते चौऱ्याऐंशी. मी हातात डबा घेऊन तिथेच थांबलो. चार वर्षांपूर्वी आई आमच्याकडे राहिली होती, ते दिवस चौऱ्याऐंशी होते.

आता ती येणार नाही. तिला एक्याऐंशी पूर्ण झाली आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला आहे. वर्ध्याच्या घरात ती एकटी असते. खाली भाडेकरू आहेत, सकाळी कामाला एक बाई येते. आम्ही दर शनिवारी फोनवर बोलतो. मी बीपी विचारतो, ती आकडे सांगते. मी ते लिहून ठेवतो.

इथल्या शरदात चांदण्याचं वगैरे फारसं काही नसतं. शॅनन नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. संध्याकाळी घराघरांतून टर्फ, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेली माती, जळल्याचा, ओली माती भाजल्यासारखा वास येतो. पाऊस पडतो असं म्हणण्यापेक्षा तो हवेतच लटकलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आणि मग साडेपाचलाच दिवे लावावे लागतात. आईला या प्रकाराची फार गंमत वाटली होती.

"म्हणजे एक तास फुकटचा भेटला?"

"हो. मार्चमध्ये परत घेतात."

"मंग तू काय केलं त्या तासाचं?"

"झोपलो."

"घालवला वाया," ती म्हणाली आणि शेंगदाण्याची टरफलं फुंकत राहिली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी तीन महिन्यांची सरासरी साखर रेषेच्या वर निघाली होती. रेषेच्या थोडीच वर, पण वर. डॉक्टर समजूतदार बाई होत्या. म्हणाल्या, आठ किलो उतरवा, नाताळच्या आधी पुन्हा तपासू, आकडा खाली आला नाही तर गोळ्या सुरू करू. त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला मात्र बाबांचा पाय आठवला. बाबांना बावीस वर्षं साखर होती. आधी एक बोट गेलं, मग पाऊल, मग मूत्रपिंडं. शेवटची दोन वर्षं आई दोन भाज्या करायची, एक त्यांची आणि एक घरातल्या बाकीच्यांची, आणि स्वतः त्यांचीच खायची. हे सगळं माहीत असलेल्या माणसाला आठ किलो हा नुसता आकडा वाटत नाही. मी ठरवलं, हे आपण करायचंच. आणि बरोबर दोन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आई आली.

मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मोजायचं, लिहायचं, सही करायची, हेच माझं काम. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असं आमच्याकडे धरतात. त्यामुळे मी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला, एक वही केली आणि घरात जे शिजेल ते त्या काट्यावरून जाऊ लागलं. माझी बायको मेधा याला सरावली होती. आई नव्हती.

"आई, पीठ किती घेतलंस?"

"लागलं तेवढं."

"किती लागलं पण?"

"अंदाजानं घेतलं ना बापा."

मी वहीत लिहिलं, कणीक अंदाजे एकशेवीस ग्रॅम. 'अंदाजे' खाली रेघ मारली, कारण आमच्या कारखान्यात तो शब्द चालत नाही. मग मी युक्ती काढली. आई स्वयंपाकाला लागायच्या आधी कणकेचा डबा, तेलाची बाटली, गुळाची बरणी गुपचूप वजन करून ठेवायचो, जेवणं झाली की पुन्हा करायचो, आणि वजाबाकी. चौथ्या दिवशी तिने मला तेलाच्या बाटलीसकट पकडलं.

"माझ्यामागं पोलीस लावला का रे, संजू?"

मेधा हसून हसून खुर्चीत बसली. मीही हसलो. पण बाटली काट्यावर ठेवली होती ती ठेवलीच, आणि आकडा लिहून घेतला.

लाल भोपळ्याला आमच्याकडे वर्ध्याला कोहळं म्हणतात. आई आल्यावर पहिल्याच आठवड्यात एशियन दुकानात तिला तो दिसला आणि तिचा चेहरा उजळला. परक्या गावात आपल्या आळीतलं कुणी भेटावं तसं झालं तिचं. मलाही तो चालणार होता. शंभर ग्रॅमला चाळीस कॅलरींच्या आत, पोट भरतं, तंतू भरपूर. आम्ही तो घरी आणला. दुसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन काम करत होतो. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो. खालून हाक आली.

"संजूऽऽ, ये रे. कोहळ्याला सुरी लाव."

खाली गेलो. पाटावर भोपळा, शेजारी सुरी, मूठ माझ्या बाजूला केलेली. आमच्याकडे अख्खं कोहळं बाई पहिल्यांदा कापत नाही. घरातल्या पुरुषाने एक चीर द्यायची, मग पुढचं बाईने चिरायचं. सई, माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इथल्या हेलात इंग्रजी. तिने विचारलं, "व्हाय, आजी?"

"कोहळं म्हणजे थोरला लेक असते. आईनं त्याच्यावर सुरी कशी उचलायची?"

"पण मग बाबाने उचललेली चालते?" मेधाने ओट्यापासून विचारलं.

"त्याला चालते. तो निर्दयी आहे. रोज काट्यावर घालते मला."

मी भोपळ्यात सुरी घातली. साल कडक होती, दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. मग टक्क असा आवाज करून तो उघडला आणि आतला रंग दिसला. त्या ढगाळ दुपारी स्वयंपाकघरात तेवढीच एक पिवळीधमक गोष्ट होती. बियांचा ओला, काकडीसारखा वास आला. आई म्हणाली, "गोड निघणार." मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं गेली होती.

असे पाच भोपळे मी कापले. मी त्याला अडथळा म्हणायचो. काम रंगात आलेलं असताना हाक यायची, कधी मीटिंग चालू असताना यायची. एकदा मी हेडफोनवर हात ठेवून ओरडलो, "पाच मिनिटांत आलो!" आणि एक तास पन्नास मिनिटांनी खाली उतरलो. आई टेबलाशी बसून होती. कढीपत्ता निवडून झाला होता, खोबरं किसून झालं होतं, फोडणीचं सगळं वाट्यांत काढून ठेवलं होतं. मध्ये भोपळा. सुरीची मूठ माझ्या बाजूला.

"झालं का तुझं?" ती म्हणाली. एवढंच.

पितृपक्षात बाबांची तिथी आली. त्या दिवशी कोहळ्याची भाजी लागतेच, आणि आमच्याकडे बोंडंही लागतात. पुण्याकडे भोपळ्याचे घारगे लाटून तळतात. आम्ही लाटत नाही. शिजलेल्या भोपळ्यात गूळ विरघळवून, कणीक घालून, त्या सैलसर पिठाचे गोळे हातानेच तेलात सोडायचे. बाहेरून तांबूस, आत ओलसर, आणि जायफळाचा वास. बाबांचा तो सगळ्यात आवडता पदार्थ आणि तोच त्यांना बावीस वर्षं मना होता. वर्षातून एकदा आई त्यांना एक द्यायची. त्यांच्या तिथीला ती बोंडं करते ती याच हिशेबाने, की आता त्यांना काही होणार नाही.

पानं वाढली. माझ्या पानात तिने चार बोंडं वाढली. मी उठलो, काटा आणला, एक बोंड ठेवून पाहिलं. अडतीस ग्रॅम. मनात तेल, गूळ, कणीक मांडून पाहिली आणि म्हणालो, दीड खातो. दोन परत केली, उरलेल्यांतल्या एकाचे दोन तुकडे केले आणि अर्धा तुकडा तिच्या ताटाच्या कडेला ठेवला. तो तुकडा उचलून तिने तोंडात टाकला आणि सईला म्हणाली, "तू खा वं बाई. तू तर मोजत नाहीस ना?"

वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसापुढे लिहिलंय, बोंड दीड, सत्तावन्न ग्रॅम. आईच्या हातचं मी खाल्लेलं ते शेवटचं बोंड. माझ्याकडे त्याचं वजन आहे. चव आठवून पाहतो तेव्हा काटा आणायला उठलेला मीच आठवतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुकानात डबे आले आणि मला वाटलं, सगळे प्रश्न एकदम सुटले. चिरायला नको, किसायला नको, शिजवायला नको. आकडा डब्यावरच छापलेला. आईच्या गुडघ्यांना उभं राहायला नको, मला हाकेला उठायला नको. आमच्या कारखान्यात याला सुधारणा म्हणतात. चुकीचं मूळ शोधायचं आणि ते काढून टाकायचं. मी सहा डबे आणले. पहिला उघडून आईने भोपळ्याचं भरीत केलं. दही घरचंच होतं. इथे पाण्याच्या टाकीशेजारी एक उबदार कपाट असतं, हॉट प्रेस, त्यात कपडे वाळवतात. आईने पहिल्याच आठवड्यात ते हेरून त्यात दही लावायला सुरुवात केली होती, टॉवेलांच्या मधोमध. तर दही घातलं, मिरची-मोहरीची फोडणी दिली, कोथिंबीर घातली, आणि सगळ्यांनी एकेक घास घेतला.

मेधाने चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"इट टेस्ट्स लाइक ख्रिसमस," सई म्हणाली.

मी डबा कचऱ्यातून काढून वाचला. मी जे आणलं होतं ते पंपकिन-पायचं सारण होतं. साखर, दालचिनी, लवंग, सगळं आत घालून तयार. लेबल तसंच केशरी, चित्र तेच. मी, जो कारखान्यात दुसऱ्यांची लेबलं तपासतो, त्याने लेबल वाचलं नव्हतं.

आई तोंडावर पदर घेऊन हसत होती. "अरे, मोहरीची फोडणी केकला दिली आपण! साहेबाची सही होती का याच्यावर?"

दुसऱ्या दिवशी मी उरलेले पाच डबे परत केले आणि नीट वाचून चोवीस खरे डबे घेतले. प्रेसमध्ये सहाच्या चार रांगा. आईला बोलावून दाखवलं. तिने रांगांकडे पाहिलं, एका डब्यावर बोट फिरवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुला खाली यायला नको."

मी म्हटलं, "तेच तर."

डब्यांची निंदा मी करणार नाही. आजही मी त्यावर चालतो आणि कुणी विचारलं तर सांगतो. भाजणीत अर्धा डबा घालून थालीपीठ केलं की मोहन लागत नाही, तव्यावर तेलाचे चार थेंब पुरतात आणि तरीही ते मऊ राहतं. आमटीत दोन चमचे घातले की डाळ कमी लागते आणि दाटपणा तोच येतो. सकाळच्या ओट्समध्ये डबाभर नको, पाव डबा घालायचा, वर वेलदोडा; गूळ आपोआप निम्म्यावर येतो. ताकात घोटून गरम केला तर कढीच्या जवळपास जातो. हे सगळं आईने आणि मी त्या ऑक्टोबरात शोधलं. म्हणजे शोधलं तिने, लिहिलं मी. पाणी जास्त असतं हे तिनेच ओळखलं. डबा उघडला की आधी कढईत कोरडाच परतायचा, कडेला चिकटायला लागला की मग पुढचं. "याला रडून घेऊ द्यायचं आधी," ती म्हणायची. माझ्या वहीत ते 'मंद आचेवर सहा मिनिटे' असं आहे.

फक्त बोंडं जमली नाहीत. मी ती केली अप्पेपात्रात, तीन थेंब तेलावर, गूळ तिसऱ्या हिश्श्याने कमी. एकाला एकवीस कॅलरी. मी आनंदाने तिच्यापुढे बशी धरली. तिने एक चाखलं, पुष्कळ वेळ चावलं.

"हे दवाखान्यातलं बोंड आहे," ती म्हणाली. "वाईट नाही. पण भेटायच्या वेळेतच खायचं."

हॅलोवीनच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दारादारांत भोपळे बसले. डोळे कोरलेले, दात कोरलेले, आत मेणबत्ती. आई रोज फिरून आली की किती दिसले ते सांगायची आणि हळहळायची. एवढं अन्न दारात कुजत ठेवायचं? शेजारच्या नोरीनबाईंनी तिला हाताला धरून त्यांचा भोपळा दाखवला. आई मराठीत म्हणाली, "छान आहे, पण भाजी कधी करता?" नोरीनबाई म्हणाल्या, "ओ, ही'ज ग्रँड, इजंट ही?" दोघींचं उत्तम जमलं होतं.

सईनेही एक मोठा भोपळा आणला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चमचा, सुरी, मार्कर. आणि तिने सुरी उचलली तेवढ्यात थांबली. आजीकडे पाहिलं. मग जिन्याखाली जाऊन ओरडली, "बाबाऽऽ! पंपकिन!"

मी वरून ओरडलो, "तूच काप गं, तुझाच आहे!"

खाली काय झालं ते मला मेधाने नंतर सांगितलं. सई सुरी घेऊन तशीच उभी राहिली. आई म्हणाली, "काप. काही होत नाही." आणि सईच्या हातावर हात ठेवून दोघींनी मिळून चीर दिली. भोपळ्याला कोरलेलं तोंड जरा वाकडं झालं. मी संध्याकाळी तो पाहिला, दारात, पावसात, आतली मेणबत्ती फुरफुरत असलेली. म्हणालो, मस्त झालाय.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई परत गेली. जाताना तिने सहा रिकामे डबे धुऊन, लेबलं खरवडून, साड्यांमध्ये गुंडाळून नेले. मी म्हटलं, अगं, पत्र्याचे डबे काय न्यायचे? म्हणाली, राहू दे. ती गेल्यावर सहा दिवसांनी माझा निकाल आला. सात किलो सहाशे ग्रॅम उतरले होते आणि साखर रेषेच्या खाली होती. गोळ्या टळल्या. मी लगेच वर्ध्याला फोन केला. तिने आकडे ऐकून घेतले. बहुधा बाबांच्या फोटोकडे पाहत असावी. मग म्हणाली, "चला. सुटलास. आता खाशील ना बोंडं?"

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

त्यानंतर चार वर्षांत मी एकदाच गेलो. मे महिन्यात, अकरा दिवस, त्यातले पाच पुण्याला सासुरवाडीत आणि दोन बँकेच्या कामात गेले. आंबे होते, बोंडांचा विषयही निघाला नाही.

तर परवाच्या शनिवारी डबे प्रेसमध्ये लावून झाल्यावर मी व्हिडिओ फोन लावला. इथे सकाळचे दहा, तिकडे दुपारचे अडीच. आई स्वयंपाकघरात होती. तिच्यामागे ओट्यावर तांदळाच्या पिंपाशेजारी एक पत्र्याचा डबा दिसला, लेबल नसलेला. मी विचारलं, तो कशाला? म्हणाली, "तुझाच आहे. तांदूळ मोजते त्यानं. एकटीला अर्धा डबा लागते. आता हाताला अंदाज राहिला नाही रे."

बीपीचे आकडे झाले. मी तिला नवीन डबे दाखवले. ती हसली. म्हणाली, परवा तिनेही कोहळ्याची भाजी केली होती, लहानसं आणलं होतं, दोन दिवस पुरलं.

"कापून कोणी दिलं?" मी विचारलं. मला खरंच काळजी वाटली. "खालचे भाडेकरू आले होते का?"

"कोण देणार? मीच कापलं."

"तू? पण पहिली चीर…"

"तुझे बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तवापासून मीच कापते. थोरला लेक आयर्लंडात आहे म्हणून काय उपाशी बसू?"

बाबा गेले त्याला नऊ वर्षं. ती इथे आली होती चार वर्षांपूर्वी.

"मग इथे का थांबायचीस माझ्यासाठी? एकदा तर दोन तास थांबलीस."

"तिथं तू घरात होतास ना," आई म्हणाली. ती काही मनाला लागलेलं सांगत होती असं नव्हे. कुठल्या डब्यात काय आहे ते सांगावं तसं सांगत होती. "दिवसभर वर बसायचास. नुसतं ये म्हटलं असतं तर आला असता का?"

आलो नसतो, आणि खोटं बोलायला मला जमत नाही.

फोन चालूच होता आणि माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले. ते मला थांबवता येत नाहीत. ती इथे चौऱ्याऐंशी दिवस होती. डबे आले तेहतिसाव्या दिवशी. म्हणजे पुढचे एक्कावन्न दिवस तिने खालून मला हाक मारली नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पाच भोपळे, प्रत्येकी चार मिनिटं, वीस मिनिटं. माझ्या वहीत त्या सगळ्या दिवसांची थालीपिठं, आमट्या, चमचे, थेंब आहेत. हाका कुठेच लिहिलेल्या नाहीत. मग दुसरा हिशेब आला, तो मी आजवर टाळला होता. आई एक्याऐंशीची. वर्षातून एकदा पंधरा दिवस गेलो आणि पाच वर्षं धरली, तर पंचाहत्तर दिवस होतात. चौऱ्याऐंशी होत नाहीत. आणि आजवर मला वर्षातून एकदा जाणंही जमलेलं नाही.

"गेला का फोन?" आई पडद्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली. तिचा फक्त चष्मा दिसत होता.

"नाही, आहे. आई, मी डिसेंबरात येतो. एकटाच येतो, वीस दिवस. दुसरीकडे कुठे जाणार नाही."

"सुट्टी भेटते का?"

"घेतो."

"आता सांगतोस, मंग मीटिंग येईल तुझी."

"येऊ दे. तू एक कर. एक अख्खं कोहळं आणून ठेव आत्ताच. मी आल्यावर कापू. टिकेल ना तोवर?"

"न टिकायला काय झालं? सुरी लागली नाही तोवर कोहळ्याला काही होत नाही. कोठीत ठेवीन, फळीवर." मग म्हणाली, "बोंडं खाशील?"

"खाईन."

"किती?"

"वाढशील तेवढी."

"काट्याचं काय?"

"इथेच ठेवून येतो."

यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. पदराने चष्म्याची काच पुसली, पुन्हा घातली आणि कामाचं विचारावं तसं विचारलं, "मंग कोहळं किती किलोचं आणू?"

आयुष्यात पहिल्यांदा आई मला वजन विचारत होती. वीस दिवस, दोन माणसं, एका वेळचे इतके ग्रॅम, हे सगळं मला मांडता आलं असतं. समोर ओट्यावर काटा होता, शेजारी प्रेसमध्ये बारा डबे होते, बाहेर पाऊस हवेत लटकला होता.

"अंदाजानं आण," मी म्हणालो.